कोकणातल्या घरी गोधडी आणि फ्रेंच स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गुहागर तालुक्यात राहते. गेली काही वर्षं आमच्या माजघरात गोधडी अंथरलेली असते आणि स्वयंपाकघरात काहीतरी फ्रेंच शिजत असतं. येणारा-जाणारा आधी विचारतो, "हे कुठनं काढलंस?" आणि चहा संपता संपता विचारतो, "मला जमेल का गं?" इथली उत्तरं त्या दुसऱ्या प्रश्नाची आहेत.

गोधडी आणि क्विल्ट एकच ना?

थर दोन्हीत तीनच: वरचं कापड, मधलं भरण, खालचं अस्तर. फरक आहे तो कामाच्या क्रमात. क्विल्टमध्ये तुकडे मोजून कापतात, जोडून वरचा थर पूर्ण करतात, मग तिन्ही थर एकत्र टाचतात आणि शेवटी टाके घालतात. आपल्या आज्या आधी जुनं लुगडं जमिनीवर अंथरत, त्यावर ठिगळं मांडत जात आणि धावदोऱ्याने तुकडे जोडणं नि थर पकडणं एकाच टाक्यात उरकत. पट्टी नाही, खडू नाही.

कारवारच्या वरच्या अंगाला, उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या सिद्दी बायकांची कवंडी याच जातीची. त्या कडेपासून सुरू करतात आणि चौकोनी फेरे घेत आत येतात. चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या घालून बसवलेला छोटा तुकडा असतो, त्याला त्या 'फुला' म्हणतात. मला स्वतःला मोजून कापलेल्या क्विल्टपेक्षा ही पद्धत आवडते. पण शिकवताना मी मोजूनच शिकवते, कारण नवशिक्याला चूक कुठे झाली ते त्यात दिसतं.

पहिल्यांदा काय शिवावं?

बाळाची गोधडी. ३६ इंच लांब, ३६ इंच रुंद. डबल बेडची काढाल तर ती दिवाळीला सुरू होऊन पुढच्या दिवाळीलाही कपाटावरच असेल.

हिशोब सोपा आहे. साडेसहा इंचांचे ३६ चौकोन कापा आणि सहा-सहाच्या सहा ओळी लावा. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं पाव-पाव इंच जातं, म्हणजे चौकोन सहा इंचांचा उरतो आणि पूर्ण झाल्यावर माप ३६ येतं. आता गंमत बघा. तुमची शिवण पाव इंचाहून अर्धा सूत जास्त गेली (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तर एका जोडात दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत कमी होतं. ओळीत पाच जोड, म्हणजे पाच सूत, अर्ध्या इंचाहून जास्त. एक ओळ अशी आणि दुसरी बरोबर, की चौकोनांचे कोपरे जुळणार नाहीत आणि तुम्ही कापडाला दोष द्याल. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत न्या. एवढ्यावर निम्मं काम सुधारतं.

कापड कुठलं घ्यायचं?

जुनं सुती, चांगलं धुतलेलं. नऊवारीला तोड नाही: कापड भरपूर आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने मऊ झालेलं. पदर नि काठ वेगळे काढून ठेवा, ते शेवटी गोट लावायला होतात. ज्या जागी साडी विरलीय ती उजेडापुढे धरून पाहा आणि तेवढा भाग सोडून द्या. सिंथेटिक साडी कितीही सुंदर असली तरी नको. ती इस्त्रीखाली आक्रसते, सुईखाली सटकते आणि आपल्या घामाच्या हवेत अंगाला चिकटते. कापताना उभ्या-आडव्या धाग्यात कापा. उरेब कापलेला तुकडा ओढला की ताणतो आणि चौकोनाची चपटी शंकरपाळी होते.

रंगाचं मात्र मनावर घ्या. मी एकदा बाजारातून लाल खण घेतला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, पक्का रंग." पांढऱ्या मलमलीबरोबर शिवला, हाताने टाके घातले, दीड महिना गेला. पहिल्या धुण्यात सगळी मलमल गुलाबी! मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. सुटणारा रंग मिठाने थांबत नाही, मी करून बसले आहे. उपाय एकच. कापायच्या आधी तुकडा भिजवा, ओला असतानाच पांढऱ्या फडक्यावर घासा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा गोधडीत जाणार नाही. पायपुसणं करा.

मधे काय भरायचं? ऑनलाइन मिळतं ते पांढरं बॅटिंग मागवू का?

पॉलिएस्टरचं नको. ते थंड देशांतल्या घरांसाठी ठीक आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर पौष-माघातल्या पहाटे सोडल्या तर थंडी नाहीच. वर दापोलीकडे जरा बोचते, तिथे सुती बॅटिंगचा एक थर चालेल. बाकी ठिकाणी मधे एक जुनी चादर किंवा दोन पातळ साड्या पुरतात. कापूस पिंजून भरायचा असेल तर टाके जवळजवळ घालावे लागतात, नाहीतर दोन धुण्यांत तो गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो.

हाताने की मशीनवर?

तुकडे मशीनवर, टाके हाताने. हा माझा कल. मशीनवर तीन थर एकत्र घालायला वॉकिंग फूट नावाचा वेगळा पाय लागतो, नाहीतर वरचा थर पुढे सरकतो आणि खाली चुण्या पडतात. हाताला मात्र फक्त सुई, जाड सुती दोरा आणि अंगुस्तान हवं. अंगुस्तान घाला. पहिल्या आठवड्यात वैताग येतो, नंतर त्याच्याशिवाय सुचत नाही.

आणि कापडाची कात्री कुलपात ठेवा. दुधाची पिशवी फोडायला ती एकदा गेली की तिची धार संपली.

पावसाळ्यात काय करायचं?

आपल्याकडे एका पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणजे कापड, सुई, मैदा, साखर, सगळ्यावर त्याची सत्ता. सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापडावर तपकिरी ठिपका सोडते, तो जात नाही. मशीनचं तेल लावलेल्या जाड फडक्यात सुया टोचून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि शिवण्याआधी पुसून घ्या. अर्धवट गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधून ठेवू नका, आतल्या ओलीने बुरशी धरते. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, जवळ वेखंडाचा तुकडा ठेवा, कसर लांब राहते. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं बाहेर काढून दोन्ही बाजूंनी वाळवा.

तरीही शिवायला हाच हंगाम. अंगणात काम नसतं, दुपारी कुणी येत नाही, कौलांवर पाऊस वाजत असतो. मी कापायचं सगळं काम मे महिन्यात उरकते आणि टाके जुलै-ऑगस्टवर ठेवते.

फ्रेंच स्वयंपाक म्हणजे वाइन, बीफ नि चीज. आमच्या घरात कसं जमायचं?

हा गैरसमज हॉटेलांनी करून दिलाय. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं राताटुई म्हणजे वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा आणि झुकिनी, तेलात वेगवेगळं परतून एकत्र शिजवलेलं. झुकिनीच्या जागी कोवळा दुधी घ्या. पश्चिमेला ब्रिटनीमधलं गालेत हे कुट्टूच्या पिठाचं, नुसत्या पाणी-मिठात भिजवलेलं, आपल्या घावनाचं चुलतभावंड. कुट्टू म्हणजे उत्तरेत उपासाला खातात ते. दूध-सायीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या म्हणजे ग्रातँ दोफिन्वा. यातल्या एकातही मांस नाही, अंडंही नाही.

वाइनचं काम मुख्यतः आंबटपणाचं. थोडं व्हिनेगर पाण्यात पातळ करून किंवा लिंबाने भागतं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, घालून पाहण्याचा मोह होतो. मी घातलं. चव झकास, पण पांढऱ्या सॉसचा रंग जांभळट झाला आणि आमच्या सासूबाईंनी "हे कुणासाठी आहे?" एवढंच विचारलं.

सुरुवात कशाने करू?

बेशामेल, म्हणजे पांढरा सॉस. ३० ग्रॅम बटर, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. मंद आचेवर बटरमध्ये मैदा परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग चढता कामा नये. मग दूध थोडं थोडं घालत ढवळत राहा. पिठल्याच्या गुठळ्या मोडायची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवं काही नाही. शेवटी मीठ, पांढरी मिरी आणि जायफळ. जायफळ तर आपल्या पोफळीच्या बागेतलं. ताजं किसून घातलेल्या जायफळाने हा सॉस जसा लागतो तसा शहरातल्या पुडीतल्या पुडरने लागत नाही, आणि हे मी अभिमानाने सांगते.

दुकानात थाइम, पार्सली, शॅलट मिळत नाहीत. मग?

थाइमच्या वासातलं मुख्य द्रव्य थायमॉल, तेच ओव्यातही असतं. चिमूटभर ओवा, त्याहून जास्त नको, नाहीतर भजी आठवतात. आपलं तमालपत्र मात्र फ्रेंच लॉरेलची (बे लीफची) जागा घेत नाही. त्याला दालचिनी-लवंगेचा वास, तो सॉसमध्ये वेगळाच डोकावतो. लॉरेल सरळ वगळा. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली तर पदार्थ चांगला होईल, पण फ्रेंच होणार नाही, एवढं कबूल करून घाला.

शॅलट म्हणजे छोटा कांदाच, आणि कांद्याच्या बाबतीत आपण भाग्यवान. अलिबागचा पांढरा कांदा, रस्त्याकडेला माळा टांगून विकतात तो, गोडसर आणि कमी तिखट. फ्रेंच कांद्याचं सूप त्याचं करून बघा. एक किलो कांदा उभा पातळ चिरून, बटरमध्ये, अगदी मंद आचेवर तासभर. घाईने तांबूस केलेला कांदा नि असा हळू मुरलेला कांदा यांत जमीन-अस्मानाचा फरक. तो तास मी गोधडीचे टाके घालते, दर दहा मिनिटांनी उठून ढवळते.

बटर कुठलं?

मिठाचं बटर गोड पदार्थाला नको, बाकी कुठलंही. पण आधी घरचं लोणी बघा. विरजण लावून घुसळलेलं आपलं लोणी आणि फ्रेंच लोकांचं आंबवलेल्या सायीचं बटर, कल्पना एकच. लोणी कढवताना खाली बेरी तांबूस व्हायला लागते आणि घरभर खमंग वास सुटतो, तो क्षण त्यांच्याकडे 'बर न्वाझेत' म्हणून ओळखतात. न्वाझेत म्हणजे हेझलनट. आपण त्याच्या पुढे जाऊन तूप गाळतो, ते तिथेच थांबून माशावर ओततात.

माशाचा कुठला पदार्थ आधी करावा?

लेपा. फ्रान्समध्ये सोल नावाचा चपटा मासा 'म्यूनिएर' पद्धतीने करतात. शब्दाचा अर्थ गिरणीवालीच्या पद्धतीचा, कारण मासा पिठात घोळवायचा. आपला लेपा त्याच घराण्यातला. खवले काढून, धुऊन, फडक्याने अगदी कोरडा करा. मीठ-मिरी लावून मैद्यात घोळवा, जादा पीठ झटका. तव्यात थोडं तेल, थोडं बटर, दोन्ही बाजूंनी सोनेरी. मासा काढून घ्या, तवा पुसा, नवं बटर घाला, बेरीचा वास आला की लिंबू पिळा आणि चरचरत असतानाच माशावर ओता. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही. पहिल्यांदा हात मसाल्याच्या डब्याकडे जाईलच. आवरा.

शिणाण्यांचंही (मसल जातीच्या शिंपल्यांचंही) तसंच सोपं. शिंपल्याबाहेर लोंबणारी धाग्यांची दाढी ओढून काढा, घासून धुवा. उघडी असलेली बोटाने टकटक केल्यावर मिटत नसतील तर फेका. बटरमध्ये बारीक कांदा परतून शिणाणे घाला, व्हिनेगर-पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवून मोठ्या आचेवर पाचेक मिनिटं. शिजल्यावर न उघडलेली टाकून द्या. उरलेलं पाणी पावाने पुसून खायचं, तो तर खरा पदार्थ.

जूनपासून मासेमारी बंद. तेव्हा राताटुई आणि कांद्याचं सूप.

क्रोइसाँ घरी होईल का?

मे महिन्यात विचारत असाल तर नाही. पिठाच्या घडीत बटरचे थर राहायला हवेत, त्यासाठी ते साधारण १५ ते १८ अंशांवर असावं लागतं. आपल्या स्वयंपाकघरात ३२-३३ अंश. तुम्ही लाटत असतानाच ते पिठात जिरतं आणि हाती येतो तो बटरवाला ब्रेड. जानेवारीत पहाटे पाचला, फ्रिज जवळ ठेवून, करता येतो. मी दोनदा केला. आता पुण्याहून येणाऱ्यांना आणायला सांगते.

मग बेकिंगमधलं आपल्या हवेत काय जमतं?

शू पेस्ट्री, म्हणजे आतून पोकळ फुगणारे छोटे गोळे. आणि हे मी कुणालाही पैजेवर सांगेन, कारण ज्या बाईला मोदकाची उकड येते तिला शू येतेच.

अडीचशे मिलिलिटर पाणी, १०० ग्रॅम बटर, चिमूट मीठ, हे उकळी येईपर्यंत तापवा. बटर आधी पूर्ण वितळलेलं हवं. उकळलं की १५० ग्रॅम मैदा एकदम ओता, थोडा थोडा नाही. लाकडी डावाने जोरात घोटा. इथपर्यंत उकडच. फक्त झाकण ठेवून वाफ द्यायची नाही, उलट आचेवरच ढवळत वाफ घालवायची. गोळा भांड्याच्या कडा सोडतो आणि तळाला पातळ पापुद्रा धरतो, तिथे आच बंद. गोळा कोमट होऊ द्या. मग चार अंडी, एकेक करून. पहिलं अंडं घातलं की सगळं फाटल्यासारखं होतं, बुळबुळीत तुकडे इकडेतिकडे सटकतात. इथे घाबरून मैदा घालणाऱ्या तिघी मला माहीत आहेत. घालू नका, घोटत राहा, मिळून येतं. चौथं अंडं फेटून हळूहळू घाला. डाव उचलल्यावर पीठ जड पडद्यासारखं लोंबून खाली त्रिकोणी टोक धरलं, की उरलेलं अंडं ठेवून द्या.

चमच्याने गोळे टाकून २०० अंशांवर भाजा. पहिली पंचवीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही. यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, आतल्या वाफेवर ते फुगतात. तांबूस झाले की प्रत्येकाला सुरीने भोक पाडा आणि आणखी आठ-दहा मिनिटं वाळवा. आमच्या हवेत हे वाळवणं सोडलंत तर तासाभरात सगळे बसके. सारण अगदी वाढायच्या वेळी भरा. मी आतमध्ये आटीव दुधात घोटलेला हापूस भरते. लाइट मध्येच गेली तर दार बंदच ठेवून देवाचं नाव घ्या.

मॅकारॉन, मेरँग या अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या गोड पदार्थांच्या नादाला पावसाळ्यात लागू नका. साखर हवेतली ओल पिते आणि ते चिकट होतात.

ओव्हन नाही. काही गोड?

क्रेम कारामेल, मोदकपात्रात. अर्धा लिटर दूध, चार अंडी, १०० ग्रॅम साखर. अंडी फेटून फेस येऊ देऊ नका, नुसती मोडा. गाळा. तळाला साखरेचा तांबूस पाक ओतलेल्या वाट्यांत भरा, वर फडकं बांधा आणि मंद वाफेवर ठेवा. वाफ जोराची झाली की आत जाळी पडते. ढोकळ्याला जाळी शोभते, याला नाही.

घरचे म्हणतात, "फिकं आहे."

म्हणणारच. बाजूला लसणीची चटणी ठेवा आणि दुर्लक्ष करा. आमच्याकडे यजमान कांद्याच्या सुपात अजूनही चटणी कालवतात, आणि खरं सांगायचं तर वाईट लागत नाही.

या दोन छंदांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की तुमची आपली आवड?

आवडच. पण मागे एक गोष्ट कळली आणि मजा वाटली. सतराव्या शतकात भारतातलं छापील सुती कापड, आपली छींट, जहाजांनी मार्सेय बंदरात पोचलं आणि तिथल्या बायका त्याच्यावर इतक्या भाळल्या, की फ्रान्समधल्या रेशीम-लोकरवाल्यांचा धंदा बसायला लागला. १६८६ मध्ये राजाने ते कापड आणण्यावर आणि छापण्यावर बंदीच घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. लोकांनी चोरून वापरलंच. त्याच मार्सेय-प्रोव्हान्स भागात बुती नावाचं पांढऱ्यावर पांढरं भरीव शिवणकाम चालतं: दोन थर कापड, त्यावर नक्षीचे टाके आणि टाक्यांच्या मधल्या नळ्यांत मागून सुती वात ओवायची. राताटुई त्याच्या शेजारचीच.

एकाच घरात दोन्ही करताना काय सांभाळायचं?

वास आणि तेल. बटर जळल्याचा नि मासळीचा वास कापूस धरून ठेवतो. शिवायचं कापड स्वयंपाकघरापासून लांब, दार लावलेल्या खोलीत. कांदा ढवळून आलं की साबणाने हात धुवा, नुसत्या पदराला पुसून टाका घालायला बसू नका. हळदीच्या बोटाचा ठसा उन्हात फिका होतो, बटरचा डाग तसाच राहून त्यावर धूळ बसते. डागावर आधी तांदळाचं पीठ दाबून ठेवा, मग धुवा.

विकता येईल का?

खाण्याचे पदार्थ घरून विकायलाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ती आधी करा. गोधडी विकताना तास मोजा. हाताच्या टाक्यांची एक गोधडी महिन्या-दोन महिन्यांच्या दुपारी खाते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्याच साड्या ना?" मी विकत नाही. बारशाला देते.

गोधडी धुवायची कशी?

पहिलं वर्षभर मशीनमध्ये घालू नका. मार्च-एप्रिलचं कडक ऊन बघून, घंगाळात गार पाण्यात रिठ्याच्या फेसात अर्धा तास. घासायची नाही, पायाने तुडवायची. ओली गोधडी एकट्याने उचलत नाही, दोन टोकांना दोघी लागतात आणि पीळ एकमेकींच्या उलट दिशेने द्यावा लागतो. दोरीवर लोंबती टाकू नका, पाण्याच्या वजनाने टाके ओढतात. खळ्यात चटई घालून आडवी पसरा. आणि शेजारणीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे ती दुसऱ्या टोकाला उभी राहते आणि त्या दिवशी तिच्या कोंबड्याही डालून ठेवते.